चिमीचे एकशे बारा फोटो

अडतीस वर्षं थोरलीने माणसांची वयं पुसली.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिची जागा होती. तिरकी काच, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. ते टोक ती पॉलिश पेपरवर घासघासून काढायची. निगेटिव्हवर सुरकुती म्हणजे एक स्वच्छ, रिकामी रेघ. ती शिशाच्या बारीक ठिपक्यांनी भरली, की कागदावर कपाळ सपाट. मालक पुढच्या काउंटरवरून ओरडायचा, "बाई, नवरीचे वडील आहेत, दहा वर्षं कमी करा!" आणि थोरली करायची. एकदा एका गृहस्थांचा फोटो असा काही तरणा झाला, की न्यायला आलेली त्यांची बायको म्हणाली, "हे आमचे नव्हेत. हे माझे धाकटे दीर." ही गोष्ट थोरली नेहमी सांगायची आणि सांगून व्हायच्या आत स्वतःच हसायची.

पुढे निगेटिव्ह गेल्या, कॉम्प्युटर आले आणि थोरलीच्या पेन्सिलीला कुणी विचारेना. स्टुडिओ बंद झाला त्या दिवशी मालकाने तिला एक डिजिटल कॅमेरा दिला. "आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेले फोटो निस्तरलेत," तो म्हणाला, "आता स्वतः काढा." थोरलीने तो घरी आणून कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवला. काढायचे कोणाचे? नवरा जाऊन वर्षं लोटली होती, मूलबाळ नव्हतं. धाकट्या बहिणीने लग्नच केलं नव्हतं. दोघींनी मिळून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या केल्या होत्या आणि एकमेकींशी भांडत सुखाने दिवस ढकलत होत्या.

धाकटी शाळेत गणित शिकवायची. जिभेला हाड नाही आणि हातात लाकडी फूटपट्टी, म्हणून मुली तिला पट्टीबाई म्हणत. घरात मात्र ती अडुसष्टाव्या वर्षीही चिमीच होती. निवृत्त झाली तरी दर तीन आठवड्यांनी केस काळे करायची, आणि भांगात पांढरी रेघ दिसली तर दूधवाल्यालासुद्धा दार उघडायची नाही.

त्या वर्षी चिमीच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. पाय सुजायला लागले, दोन जिने चढल्यावर धाप लागायला लागली. त्यातच एक दिवस पलंगाच्या लोखंडी पायाला नडगी आपटली. साधं खरचटलं होतं. पण सुजलेल्या पायावरचं खरचटणं ते, भरून यायच्या ऐवजी पसरायला लागलं. महिन्याभरात चांगली पेल्याच्या बुडाएवढी जखम झाली.

डॉक्टर म्हणाले, "यांना दर आठवड्याला तीन जिने उतरवू नका, हृदयाला झेपणार नाही. एक दिवसाआड नर्स घरी येऊन ड्रेसिंग करेल. तुम्ही फक्त दर मंगळवारी जखमेचा फोटो काढा आणि मला आणून दाखवा. शेजारी काहीतरी मापाचं ठेवा, म्हणजे लहान-मोठी कळेल."

"मापाचं माझ्याकडे आहे," चिमी म्हणाली.

अशा रीतीने स्वेटरांखालचा कॅमेरा बाहेर आला. मंगळवारी सकाळी नर्स पट्टी सोडायची. ही गोल चेहऱ्याची, चटपटीत मुलगी होती. दोघी तिला ड्रेसिंगवाली म्हणायच्या आणि ती त्यांना मोठ्या आजी आणि छोट्या आजी म्हणायची. पट्टी सुटली की चिमी स्वतः वाकून जखमेशेजारी फूटपट्टी धरायची, थोरली फोटो काढायची. मग थोरली कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्याची प्रिंट काढून आणायची आणि चिमी तिच्या मागे तारीख आणि मिलिमीटर लिहायची. सत्तावन्न. अठ्ठावन्न. छप्पन्न. एकसष्ट.

"परीक्षेत एवढे मार्क पडले असते तर पेढे वाटले असते," चिमी म्हणायची.

सहाव्या की सातव्या मंगळवारी थोरलीचा हात जरा मागे राहिला आणि फोटोत जखमेबरोबर चिमीचा हातही आला. दुकानातून प्रिंट घेऊन थोरली जिना चढायला लागली आणि दुसऱ्या मजल्यावर तशीच थांबली. फूटपट्टी धरलेला तो हात. कातडी पातळ, शिरा वर आलेल्या, अंगठ्याचं नख पिवळं पडलेलं, आणि बोटांच्या कडा पुसट, कारण हात थरथरत होता. चिमीचा हात थरथरतो हे तिच्याबरोबर रोज एका टेबलावर जेवूनही थोरलीला माहीत नव्हतं. आयुष्यभर तिने माणसांचे चेहरे वीतभर अंतरावरून पाहिले होते, पण कशासाठी? तर त्यातलं काय काढून टाकायचं एवढंच शोधायला. जे आहे ते तसंच बघत बसायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला नाही.

तिने पेल्यात ठेवलेली चिमीची कवळी काढली. जिन्याच्या मधल्या वळणावर बसायला ठेवलेली घडीची खुर्ची काढली. औषधांचा डबा, त्यावर चिमीने लिहिलेले वार. मोजा चढवताना अर्ध्यातच दमून, एक पाय हातात धरून खिडकीबाहेर बघत बसलेली चिमी. आणि चिमीचे केस. हात डोक्यापर्यंत उचलवेनात म्हणून तिने रंग लावायचं सोडलं होतं आणि मुळापासून पांढरी पट्टी दर महिन्याला बोटभर रुंद होत चालली होती.

चिमीला दिसत नव्हतं थोडंच! "ताई, जखम खाली आहे," ती म्हणायची. "कॅमेरा वर कुठे निघालाय?"

"उजेड बघतेय."

"उजेड बघ हो. माझ्या तोंडावर कुठे पडलाय तो, मी पण कधीची शोधतेय."

असं चाललं होतं. मग चिमीच्या शाळेतून पत्र आलं. शाळेला बरीच वर्षं झाली म्हणून जुन्या शिक्षकांचे फोटो सभागृहात लावायचे होते, तर बाईंचा एक ताजा फोटो पाठवावा. थोरलीने एक चांगला निवडला. खिडकीशी बसलेली चिमी, नजर सरळ कॅमेऱ्यात. मोठी प्रिंट काढून आणली, आणि मग हाताला खाज सुटावी तसं झालं. जुन्या पेन्सिली काढल्या, बारीक ब्रश काढला, आणि चिमी झोपली की दुपारी स्वयंपाकघरात बसून दोन दिवस ती त्या चेहऱ्यावर काम करत राहिली. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या, ओठांभोवतालच्या रेघा गेल्या, भांगातला पांढरा पट्टा गेला. हात अजून हलका होता. थोरलीला मनातून फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तिला काहीतरी जमलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने तो फोटो चिमीच्या मांडीवर ठेवला.

चिमीने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "ही कोण?"

"ही कोण म्हणजे? तू."

"मी?" चिमीने फोटो लांब धरला, जवळ धरला. "ताई, पोरी मागच्या पानावर उत्तर बघून यायच्या आणि तेच वहीत उतरवून द्यायच्या. उत्तर अगदी बरोबर असायचं. मी काय करायचे माहीत आहे?"

"काय?"

"शून्य द्यायचे. म्हणायचे, मधल्या पायऱ्या कुठे आहेत?" तिने फोटो पालथा घातला. "मी एवढी धापा टाकत इथवर आले ते काय तू असं पुसून टाकायला?"

थोरली खजील झाली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "शाळेत लावायचाय ना गं. मुली बघतील."

"बघू देत की. त्यांनाही व्हायचंच आहे म्हातारं." मग चिमी थोडी निवळली. "काढायचेच असले तर सगळे काढ, चोरून नको. पण मला दाखवायचे. आणि हस म्हणायचं नाही."

त्या दिवसापासून दर रविवारी दोघी पलंगावर प्रिंटा मांडून बसायच्या. चिमी मागे पेन्सिलीने लिहायची. मंगळवारच्या फोटोंमागे मिलिमीटर असायचे, बाकीच्यांमागे काहीही. 'जिना. अकराव्या पायरीवर बसले, आठव्या पायरीवर बसायला हवं होतं.' 'हा मोजा ताईचा आहे.' 'इथे मी झोपलेली नाही, रागावलेली आहे.' ड्रेसिंगवाली आली की तिलाही दाखवायच्या. ती एकेक फोटो उचलून म्हणायची, "छोट्या आजी, तुम्ही तर हिरॉइन झालात," आणि चिमी म्हणायची, "हो ना, शेवटच्या रीळमध्ये मरते ती."

धाकट्या भावाला मात्र दोघींनी फोटोंचं काही सांगितलं नाही. तो लांबच्या शहरात राहायचा. त्रेसष्ट वर्षांचा झाला, आजोबा झाला, तरी या दोघींसाठी तो बाळच. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "कशी आहे चिमीताई?" "आहे." "पाय?" "आहे." "मी येतो एकदा सवड काढून." "ये." एवढ्यावर फोन संपायचा.

जखम भरत नव्हती. पण नुसती जखम असती तर चाललं असतं. चिमीचं हृदयच आता दमत चाललं होतं. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून ती खुर्चीतच बसल्या बसल्या झोपायला लागली. जेवण चार घासांवर आलं. रविवारी प्रिंटांच्या मागे लिहिताना ओळ खाली घसरायची. एकदा तिने लिहायला घेतलेलं अर्धवट सोडून विचारलं, "ताई, तुला भीती वाटते का?" थोरली म्हणाली, "कशाची?" चिमी म्हणाली, "जाऊ दे," आणि दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही. थोरलीला नंतर वाटत राहिलं, की त्या वेळी 'हो' म्हणायला हवं होतं.

मग ती सकाळ आली.

बाथरूमच्या दाराला धुरकट काच होती आणि मागच्या खिडकीतून तिच्यावर उन्हाचा मऊ उजेड पडायचा. चिमी चौकटीला धरून हळूहळू बाहेर येत होती. मागून उजेड, पांढरे केस भोवताली सुटलेले, अंगातला गाऊन एका खांद्यावरून उतरलेला. थोरली समोर उभी होती, कॅमेरा डोळ्याला लावून. वाट बघत होती, चिमी जरा मान वर करील म्हणून.

चिमीचा पाय ओल्या फरशीवर सरकला. ती एकदम कोसळली नाही. चौकटीला पाठ घासत हळूहळू खाली आली आणि एक हात तिने पुढे केला.

थोरलीचं बोट बटणावर दाबलं गेलं. मग तिने कॅमेरा टेबलावर ठेवला. टाकला नाही, नीट ठेवला, कड सांभाळून. आणि मग धावली.

हाड मोडलं नव्हतं. दोघींनी मिळून, भिंतीला धरत, खुर्चीचा आधार घेत कसंबसं उठणं जमवलं. चिमीचा गाऊन ओला झाला होता. तो थोरलीने बदलला, केस पुसले, चहा करून दिला. चिमीने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"आधी आवाज ऐकू आला," ती म्हणाली. "कॅमेऱ्याचा. मग तू आलीस."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती तर मुलीने वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवावं तशी बोलली. हे बोट आपोआप दाबलं गेलं, मुद्दाम नाही, असं सांगायचं थोरलीच्या जिभेवर आलं होतं. पण मग टेबलाची कड? ती सांभाळली होती ते आपोआप?

"चिमे—"

"चहात साखर विसरलीस," चिमी म्हणाली.

थोरलीने कॅमेरा कपाटात ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी ड्रेसिंगवालीने विचारलं, "मोठ्या आजी, फोटो?" थोरली म्हणाली, "तूच काढ तुझ्या फोनवर." चिमी खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढचे पाच आठवडे थोरलीचे दोन्ही हात रिकामे होते. तिने चिमीला चमच्याने सूप पाजलं, पाय उशीवर ठेवले, पाठ चोळली, केस विंचरून बारीकशी वेणी घातली. लहानपणी घालायची तशी. चिमी फारशी बोलत नव्हती, पण वेणी घालताना डोळे मिटून घ्यायची. एका रविवारी थोरलीने विचारलं, "प्रिंटा काढू का बघायला?" चिमीने मान हलवली, नको अशी. नंतर बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू जवळ बैस. लांबून पुष्कळ बघितलंस." हे माफ केल्याचं होतं, की नव्हतं, ते थोरलीला कधीच उलगडलं नाही.

एका दुपारी, थोरली शेजारी बसून संत्र्याच्या फोडी सोलत असताना, चिमी गेली. थोरली फोड पुढे करून दोनदा म्हणाली, "घे ना गं."

बाळ आला. सगळं आटोपल्यावर त्याने विचारलं, "वर्तमानपत्रात द्यायला फोटो आहे का एखादा?"

थोरलीने फोटोंचा डबा काढला आणि पलंगावर तारखेप्रमाणे फोटो मांडले. बाळ एका टोकापासून बघत निघाला. पहिल्या दहा-वीस फोटोंना तो "अरेरे" म्हणत होता. मग त्याचं बोलणं थांबलं. शेवटच्या, बाथरूमच्या दारातल्या फोटोपाशी आला. तो थोरलीने चिमी गेल्यावर एकटीने जाऊन छापून आणला होता. त्याच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"तू होतीस तिथे?" बाळने विचारलं.

"होते."

"मग?"

"मग उचललं."

बाळने बहिणीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण अकरा महिन्यांत सवड न काढलेल्या माणसाला ते वाक्य पुरं करता आलं नसावं. त्याने फोटो होता तिथेच ठेवला. मग भिंतीवरचा, तीस वर्षांपूर्वीचा, थोरलीनेच पेन्सिलीने गुळगुळीत केलेला चिमीचा फोटो काढून घेतला. "हा देऊ. चिमीताई अशी होती," तो म्हणाला. "आणि ते बाकीचे कोणाला दाखवू नकोस, ताई."

"दाखवायला आहे कोण?" थोरली म्हणाली.

जाताना त्याने विचारलं, "आमच्याकडे येतेस राहायला?" थोरली म्हणाली, "बघू." त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि तिनेही मनाला लावून घेतलं नाही. रविवारचे फोन चालू राहिले.

त्यानंतर थोरली पाच वर्षं जगली. पहिल्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, मधलं जायचं. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहऱ्याच्या जागी धूर. डॉक्टरांनी सांगितलं, यावर फारसा इलाज नाही. थोरलीने ते निमूट ऐकून घेतलं. शिक्षा म्हणावी तर तसं म्हणायला कोणी न्यायाधीश नव्हता. वय होतं, दुसरं काही नाही.

ड्रेसिंगवाली मात्र येत राहिली. कामावरून सुटली की शनिवारी जिना चढून यायची, थोरलीची नखं कापून द्यायची, औषधं डब्यात भरायची. आणि थोरली म्हणायची, "फोटोंचा डबा काढ."

मग ती मुलगी एकेक फोटो उचलून सांगायची. "हा पायाचा. मागे लिहिलंय, अठ्ठावन्न." "ही खुर्ची, जिन्यातली." "ह्यात छोट्या आजी रागावल्यात." थोरली डोळे मिटून ऐकायची, मध्येच दुरुस्त करायची, "रागावलेली ह्यात नव्हे, ह्याच्या पुढच्यात. ह्यात ती मोजतेय." पहिल्यांदा सगळे सांगून होईपर्यंत बाहेर दिवेलागण झाली.

"झाले," ड्रेसिंगवाली म्हणाली आणि डब्याचं झाकण लावायला लागली.

"किती झाले?"

"एकशे अकरा."

"एक राहिला."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. "मोठ्या आजी, तो नको ना," ती म्हणाली.

"सांग."

झाकण निघाल्याचा आवाज आला, मग कागदाचा. "छोट्या आजी दाराशी पडल्यात. पूर्ण पडल्या नाहीत, पडतायत. मागून ऊन आहे. गाऊन सरकलाय." ती थांबली. "एक हात पुढे केलाय."

"कोणाकडे?"

"फोटो काढणाऱ्याकडे."

थोरलीने मान डोलावली. "आणि चेहरा? चेहरा कसा आहे? मला तेव्हा नीट दिसला नव्हता. मी उजेड बघत होते."

ड्रेसिंगवालीने फोटो दिव्याजवळ नेला.

"तुम्ही येणार, असं वाटतंय त्यांना," ती म्हणाली.

थोरली खुर्चीच्या हातावर बोटं ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "ठेव तो. वेगळा काढू नकोस. तारखेप्रमाणे आहे त्याच जागी ठेव."